ओकिनावाच्या रणात न मेलेला मित्र

अमेरिकेच्या यूटा राज्यात १९७०च्या आसपास वयात आलेल्या मॉर्मन मुलामुलींना एक मरण तोंडपाठ होतं. १९४५ साल, जपानचं ओकिनावा बेट, लढाईतली एक रात्र. पायदळातल्या विशीतल्या एका जवानाचा जिवलग मित्र तोफगोळ्याच्या तुकड्यांनी विंधला गेला आहे, पण रात्रभर प्राण सोडत नाही. उजाडल्यावर जवान सरपटत त्याच्यापाशी पोहोचतो आणि त्याला कवेत घेतो. मित्र म्हणतो, मी काही यातून उठत नाही. तू जगलास तर आपल्या देशातल्या तरुणांना माझा निरोप दे, त्यांच्यासाठी जीव देणं मी भाग्य समजतो. एवढं बोलून तो जवानाच्या हातांवर मान टाकतो.

ही गोष्ट सांगणारा माणूसच तो जवान होता. म्हणजे तो स्वतः तसं सांगायचा. नाव पॉल एच. डन. येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांचं चर्च असं लांबलचक नाव असलेल्या मॉर्मन चर्चमधला तो एक वरिष्ठ अधिकारी होता. सभागृह गच्च भरलेलं असे. डन ही गोष्ट सांगत, आवाज किंचित खाली आणत, आणि समोरच्या बाकांवरून हुंदके ऐकू येत. ज्यांना सभेला येता येत नसे ते कॅसेट आणत. गाडीत, स्वयंपाकघरात, तरुणांच्या शिबिरात ती वाजे. कित्येक मुलांनी दोन वर्षं धर्मप्रसाराला घराबाहेर पडायचं ठरवलं ते डन यांना ऐकून.

१९९१च्या फेब्रुवारीत कळलं की तो मित्र ओकिनावात मेला नव्हता. तो मिझुरी राज्यात राहत होता, हिंडता-फिरता, ठणठणीत.

डन यांचा जन्म १९२४ सालचा, यूटातल्या प्रोव्होचा. बालपणीची काही वर्षं आर्कान्सामधल्या लिटल रॉकमध्ये गेली, पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि मुलगा हॉलिवूड हायस्कूलमधून बाहेर पडला. लगेच युद्ध. परतल्यावर चॅपमन कॉलेजची पदवी, मग सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा अभ्यास आणि १९५९ साली डॉक्टरेट. दरम्यान चर्चच्या शिक्षण विभागात ते महाविद्यालयीन मुलांना धर्म शिकवत होते. एप्रिल १९६४मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, चर्चचे अध्यक्ष डेव्हिड ओ. मके यांनी त्यांना 'सत्तर' या मंडळाच्या पहिल्या परिषदेत घेतलं. संदेष्टा मानले जाणारे अध्यक्ष, त्यांच्याखाली बारा प्रेषित, आणि त्यानंतर हे सत्तर. त्या काळी अशी नेमणूक बहुधा मरेपर्यंतची असे.

त्या पिढीतले बहुतेक मॉर्मन नेते गंभीर चेहऱ्यानं, लिहून आणलेलं भाषण संथ लयीत वाचणारे. डन यांची तऱ्हा निराळी. ते विनोद करायचे, स्वतःवर हसायचे, बेसबॉलच्या मैदानावरचे किस्से रंगवायचे, आणि हशा ओसरतो न ओसरतो तोच युद्धात शिरायचे. पन्नासच्या घरात पुस्तकं, वीसहून अधिक कॅसेट. १९७५ साली ऑस्मंड बंधू हा मॉर्मन गायकांचा चमू अमेरिकेतल्या किशोरवयीनांच्या गळ्यातला ताईत होता, तेव्हा त्यांचं अधिकृत चरित्र लिहिलं तेही डन यांनीच. धर्मपीठावरच्या माणसाला एवढी लोकप्रियता क्वचितच लाभते. त्यांच्याबद्दल बोलताना लोक पदाचा उल्लेख विसरायचे आणि घरातल्या एखाद्या लाडक्या काकाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

या गोष्टींचं वजन कळायला मॉर्मन उपासनेची एक रीत ठाऊक हवी. महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन माणूस उपास करतो आणि सभेला जातो. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं. ज्याला वाटेल त्यानं पुढे यायचं, मग तो शेतकरी असो, दंतवैद्य असो की आठ वर्षांची मुलगी असो, आणि आपली साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे मला काय कळलं, माझ्या आयुष्यात काय घडलं, देव मला कुठे भेटला. स्थानिक चर्चमध्ये पगारी पाद्री नसतो. सगळा डोलारा या साक्षींवर उभा. १८७९ साली जॉर्ज क्यू. कॅनन या नेत्यानं मुलांसाठी श्रद्धा वाढवणाऱ्या सत्यकथांची पुस्तकमाला काढली, ती पुढे बरीच वर्षं चालली, आणि 'श्रद्धा वाढवणारी गोष्ट' हा शब्दप्रयोग या समाजाच्या बोलण्यात मुरला. अशा ठिकाणी वक्ता जेव्हा 'मी तिथे होतो' म्हणतो तेव्हा ती अलंकारिक भाषा नसते. ते शपथेवर सांगणं असतं. सत्तर मंडळातला माणूस तसं म्हणतो तेव्हा त्या शपथेवर चर्चची मोहोर उमटते.

आणि डन 'मी तिथे होतो' असं फार वेळा म्हणत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हजारभर जवानांच्या त्यांच्या लढाऊ गटातले फक्त सहा जण वाचले, आणि त्या सहांत जखम न झालेले ते एकटेच. एकदा म्हणे अकरा जण शंभर यार्डांचं उघडं मैदान ओलांडायला धावले आणि पलीकडे पोहोचले ते एकटे डन. धावताना मशीनगनच्या एका फैरीनं उजव्या पायातला बूट उडाला, दुसरीनं काडतुसांचा आणि पाण्याच्या बाटलीचा पट्टा तुटला, तिसरीनं शिरस्त्राण दुभंगलं. अंगावर ओरखडा नाही. युद्ध संपल्यावर, त्यांच्याच सांगण्यानुसार, ते सेंट लुई कार्डिनल्स या नामांकित संघाकडून व्यावसायिक बेसबॉल खेळले. अमेरिकेत हे म्हणणं लहानसहान नाही. कार्डिनल्सकडून खेळलेला माणूस देवाबद्दल बोलू लागला तर शाळेतली उनाड पोरंही कान टवकारतात.

लिन पॅकर हे या गोष्टींच्या मागे लागले ते मुळात गोष्टींसाठी नव्हे. सॉल्ट लेक सिटीतल्या केएसएल या चर्चच्या मालकीच्या टीव्ही वाहिनीवर ते बातमीदार होते. यूटात त्या काळी गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडणुकीचे प्रकार फार बोकाळले होते. एकाच चर्चमधली माणसं एकमेकांवर डोळे झाकून विश्वास टाकतात, त्याचा फायदा घेणारे पुष्कळ निघाले. आफ्को एंटरप्रायझेस ही जमीनजुमल्यात पैसे गुंतवणारी अशीच एक कंपनी १९८२ साली बुडाली आणि सुमारे ६५० लोकांचे दोनेक कोटी डॉलर गेले. कंपनीच्या प्रमुखाला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. पॉल डन १९७८पर्यंत या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. त्या फसवणुकीसाठी दोषी ठरले ते डन नव्हेत. पण संचालकांत त्यांचं नाव असणं गुंतवणूकदारांना किती आश्वासक वाटलं असेल, ते सांगायला नको. हा माणूस आहे तरी कोण, हे बघायला पॅकर यांनी त्यांची पुस्तकं आणि कॅसेट चाळायला घेतल्या, आणि बातमीदाराच्या सवयीनं एकेक दावा ताडून पाहू लागले.

बेसबॉलचं प्रकरण चटकन निकालात निघालं. त्या खेळाइतक्या काटेकोर नोंदी जगात दुसऱ्या कुठल्या खेळाच्या ठेवल्या गेल्या असतील, मला शंका आहे. कुठल्या सालच्या कुठल्या डावात कोणी किती चेंडू टाकले ते सगळं छापील सापडतं. कार्डिनल्सच्या खेळाडूंत पॉल डन नव्हते. युद्धाच्या नोंदी काढायला वेळ लागला, पण त्याही निघाल्या, आणि डन यांच्या जुन्या तुकडीतले लोकही भेटले. तुकडीत माणसं पडली होती, पण हजारातले सहाच उरले असं काही तिथे घडलं नव्हतं. तुकडीचे निवृत्त जवान शोधता शोधता पॅकर त्या मित्रापर्यंत पोहोचले, ज्याच्या मरणावर डन यांनी पाव शतक सभा रडवल्या होत्या.

हे १९८७ साल. पॅकर तोवर प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागले होते. विद्यापीठ चर्चचं. यूटातली हवाही तेव्हा जड झालेली होती. मार्क हॉफमन नावाच्या जुन्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्यानं मॉर्मन इतिहासातली बनावट पत्रं तयार करून चर्चला आणि संग्राहकांना विकली होती. बिंग फुटेल या भीतीनं १९८५च्या ऑक्टोबरात त्यानं बॉम्ब ठेवून दोन माणसांचा जीव घेतला, आणि १९८७च्या जानेवारीत गुन्हा कबूल केला. बनावट कागदांनी पोळलेल्या या समाजाला आपल्या लाडक्या वक्त्याच्या तोंडच्या साक्षी तपासायला उसंत नव्हती आणि मनही नव्हतं. पॅकर यांच्या सांगण्यानुसार, चर्चच्या नेत्यांवर टीका छापू नका असं त्यांना विद्यापीठाकडून बजावण्यात आलं. ते थांबले. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. १९९०मध्ये त्यांची नेमणूक पुढे वाढवण्यात आली नाही.

इथे पॅकर हे आडनाव जरा थांबून बघण्यासारखं आहे. लिन पॅकर हे बॉइड के. पॅकर यांचे पुतणे. बॉइड पॅकर तेव्हा बारा प्रेषितांपैकी एक, करड्या शिस्तीचे. ऑगस्ट १९८१मध्ये त्यांनी चर्चच्या धर्मशिक्षकांसमोर एक भाषण केलं, आणि त्यातला विचार मॉर्मन इतिहासकार आजही विसरलेले नाहीत. इतिहास लिहिणाऱ्याला सगळंच सांगून टाकावंसं वाटतं, पण काही गोष्टी खऱ्या असूनही फारशा उपयोगाच्या नसतात, असं ते म्हणाले. खरं ते सगळं सांगायचं नसतं; श्रद्धेला बळ मिळेल तेवढं निवडायचं असतं. काकांनी ही वाट घालून दिल्यावर काही वर्षांतच पुतण्याच्या हाती लागली ती त्याच विचाराची दुसरी बाजू: उपयोगी, अतिशय उपयोगी, आणि खऱ्या नसलेल्या गोष्टींचा ढीग. खरेपणा आणि उपयोग यांची गाठ एकदा सोडली की ती दोन्ही बाजूंनी सुटते. प्रेषित पॅकर यांच्या मनात डन यांच्यासारखा प्रकार होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात सत्याला आधी त्याचा उपयोग विचारला जातो, तिथे डन यांच्या गोष्टींना कोणी काही विचारलं नाही, यात मला नवल वाटत नाही.

१९८९च्या शरद ऋतूत, पासष्टाव्या वर्षी, डन यांना सन्मानानं निवृत्त करण्यात आलं. कारण दिलं गेलं वय आणि प्रकृती. १६ फेब्रुवारी १९९१ रोजी ही कहाणी छापून आली ती यूटात नव्हे, शेजारच्या ॲरिझोनात, 'ॲरिझोना रिपब्लिक' या दैनिकात. रिचर्ड रॉबर्टसन या बातमीदारानं पॅकर यांच्या शोधाच्या आधारे ती लिहिली होती आणि डन यांनाही प्रश्न विचारले होते. डन यांनी फारसं नाकारलं नाही. कार्डिनल्सकडून आपण खेळलो नव्हतो. मित्र मेला नव्हता. बूट उडाला नव्हता, टाचेला गोळी चाटून गेली होती. पुढे सप्टेंबर १९९१मध्ये 'सनस्टोन' या मॉर्मन विचारपत्रिकेत पॅकर यांनी स्वतः सविस्तर लेख लिहिला.

डन यांनी दिलेलं समर्थन माझ्या मनातून जात नाही. त्यांचं म्हणणं असं की मुद्दा ठसवायला मी वेगवेगळ्या घटना एकत्र गुंफल्या; येशूनंही दृष्टान्त सांगितलेच की. ऐकायला हे पटण्यासारखं वाटतं, आणि तेव्हा पुष्कळांना पटलंही. पण येशूच्या दृष्टान्तात 'एक मनुष्य होता' अशी सुरुवात असते. उधळ्या मुलाचा बाप मीच, असं येशू म्हणत नाही. जखमी वाटसरूला मलमपट्टी करणारा शोमरोनी मीच, असंही म्हणत नाही. पेरणाऱ्याचं बी खडकावर पडलं की काट्यांत, हे कोणी शेतावर जाऊन तपासायला निघत नाही, कारण सांगणाऱ्यानं तसा शब्द दिलेलाच नसतो. डन यांनी शब्द दिला होता. आपल्या अंगावरचे कपडे, आपल्या तुकडीतली मेलेली माणसं, आपल्या मित्राचं नाव त्यांनी त्या शब्दाला तारण ठेवलं होतं.

दुःखाची गोष्ट ही की त्यांना हे करायची गरजच नव्हती. पॉल डन खरोखर युद्धात होते. ते ७७व्या इन्फंट्री डिव्हिजनमध्ये होते आणि या डिव्हिजननं पॅसिफिकमध्ये जे सोसलं ते थोडंथोडकं नव्हतं. जुलै १९४४मध्ये ग्वाम. ७ डिसेंबर १९४४ला, पर्ल हार्बरच्या बरोबर तिसऱ्या वर्षदिनी, फिलिपिन्सच्या लेते बेटावर ऑर्मोकपाशी उतरणं. १९४५च्या मार्चअखेर केरामाची बेटं, एप्रिलमध्ये ओकिनावाशेजारचं इए शिमा, आणि मग ओकिनावाच्या दक्षिणेतल्या टेकड्यांवर एकेक चढ रक्तानं भिजवत केलेली चढाई. टाचेला चाटून गेलेली गोळी खरीच होती. विशीतल्या पोराच्या टाचेला गोळी चाटून जाते, तो जगतो, शेजारचा जगत नाही, आणि यामागचं कारण त्याला आयुष्यभर सापडत नाही. कारण सापडत नाही हीच त्या अनुभवाची खरी धार. मंचावरच्या गोष्टीत मात्र प्रत्येक गोळीला हेतू होता आणि प्रत्येक मरणाला निरोप.

याच ७७व्या डिव्हिजनबरोबर इए शिमावर एक वार्ताहर उतरला होता. एर्नी पाइल. बारीक अंगाचा, चव्वेचाळीस वर्षांचा, पण त्याहून थकलेला दिसणारा. सेनापतींऐवजी साध्या शिपायांवर लिहिणारा, आणि त्याबद्दल १९४४चं पुलित्झर मिळवलेला. त्याच्या लेखांत सगळ्यात जास्त वाचला गेला तो इटलीत पडलेल्या हेन्री वॉस्को नावाच्या कॅप्टनवरचा. मेलेल्या माणसांना खेचरांवरून डोंगराखाली आणलं जातं. कॅप्टनचं शव भिंतीकडेला ठेवतात. त्याचे शिपाई एकेक करून अंधारात येतात, थोडा वेळ उभे राहतात. एक जण शेजारी बसून त्याचा हात हातात धरतो, बराच वेळ धरून ठेवतो, मग त्याची कॉलर सारखी करतो आणि निघून जातो. शेवटचा निरोप नाही. तरुणांसाठी संदेश नाही. मेलेला माणूस काही बोलत नाही. अमेरिकेत घराघरांत तो लेख वाचून लोक रडले होते.

१८ एप्रिल १९४५ला इए शिमावर मशीनगनच्या गोळीनं पाइल गेला. ज्या जागी तो पडला तिथे ७७व्या डिव्हिजनच्या जवानांनी फलक लावला की इथे आम्ही आमचा एक सोबती गमावला. ज्या डिव्हिजनमधून पॉल डन घरी परतले, त्या डिव्हिजनला खरी गोष्ट कशी सांगतात हे कोणी शिकवायला हवं होतं असं नाही.

१९९१च्या फेब्रुवारीनंतर मॉर्मन घरांमध्ये जे झालं त्याला वादळ म्हणणं पुरेसं नाही. काहींनी पॅकर यांनाच दोष दिला: एका म्हाताऱ्या, भल्या माणसाला उघडं पाडून काय मिळवलंत? गोष्टी खोट्या असतील, पण आमची मुलं त्यांनी सुधारली ना? काहींना मात्र स्वतःच्या आयुष्यातली वर्षं मागे जाऊन चाचपावी लागली. सतराव्या वर्षी मी कॅसेट ऐकून गुडघे टेकले होते, तेव्हा मला जे जाणवलं ते काय होतं? मॉर्मन माणसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की सत्य ऐकलं की हृदयात एक ऊब जाणवते, तो पवित्र आत्म्याचा इशारा. ती ऊब ओकिनावातल्या न झालेल्या मरणाच्या वेळीही जाणवली होती. या प्रश्नाला सभांमध्ये फार कोणी हात घालत नसे, पण घरी, रात्री उशिरा, नवरा-बायको त्यावर बोलत असणार, असं मला वाटतं. ज्याची फसवणूक झाली त्याला पैसे गेल्याचं दुःख एकवेळ गिळता येतं. पण आपल्या आतल्या कौलावरचाच विश्वास गेला तर तो कुठल्या न्यायालयात मागायचा?

२६ ऑक्टोबर १९९१च्या 'चर्च न्यूज'मध्ये डन यांचं सदस्यांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र आलं. आपली भाषणं आणि लिखाण नेहमी अचूक नव्हतं, हे त्यांनी त्यात मान्य केलं. आपल्या पवित्र पदाला न शोभणाऱ्या इतर काही गोष्टीही हातून घडल्याची कबुली दिली. चर्चच्या वरिष्ठ मंडळानं आपल्याला दोषी ठरवून कडक शिक्षा केली आहे, असं लिहिलं, आणि क्षमा मागितली. शिक्षा कोणती, ते पत्रात नव्हतं. हे पत्र लिहायला त्या वयात, त्या उंचीवरून, काय लागलं असेल याचा विचार मी करते तेव्हा त्या माणसाबद्दलचा राग थोडा ओसरतो. त्यांचं उरलेलं आयुष्य सात वर्षांहून कमी होतं. ९ जानेवारी १९९८ला, त्र्याहत्तराव्या वर्षी, सॉल्ट लेक सिटीत त्यांचं निधन झालं. त्यांची पुस्तकं त्यानंतरही बऱ्याच घरांत कपाटात राहिली, आणि ती टाकवत नाहीत म्हणून ठेवणारे सगळेच भोळे होते असं मला वाटत नाही.

डन यांच्या मृत्यूच्या सुमारे अडीच वर्षं आधी, जून १९९५मध्ये, ओकिनावाच्या दक्षिण टोकाला माबुनीच्या कड्यावर एक स्मारक खुलं झालं. समुद्राकडे तोंड करून काळ्या दगडाच्या नागमोडी भिंतींच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांवर मेलेल्यांची नावं कोरली आहेत: जपानी शिपाई, ओकिनावाचे गावकरी, कोरियन मजूर, अमेरिकन सैनिक. मित्र आणि शत्रू असा फरक तिथे केलेला नाही. दोन लाख चाळीस हजारांच्या वर नावं. त्यांत अमेरिकनांची चौदा हजारांहून अधिक. ७७व्या डिव्हिजनची त्या टेकड्यांवर पडलेली पोरं याच भिंतींवर आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटच्या शब्दांची कुठेच नोंद नाही. डन यांचा मित्र त्या भिंतींवर नाही.